दुखवट्याचा कागद

माय,

तुला मारणारा माणूस गेल्या महिन्यात मेला. तुरुंगाच्या दवाखान्यात, खाटेवर, अंगावर पांघरूण आणि हाताला सलाईन असताना मेला, म्हणजे तुझ्यापेक्षा कितीतरी बऱ्या रीतीने मेला. त्याचं नाव मी या पत्रात लिहिणार नाही. पेपरने त्याला दिलेलं टोपणनावही लिहिणार नाही. त्यात एका रुबाबदार जनावराचं नाव होतं, एवढंच सांगते. नंदुरबारबाहेर मिरची वाळवायच्या पथारीवर त्या सकाळी तुम्ही सात जण होता, सहा बाया आणि एक काट्यावर मिरची मोजणारा माणूस. त्याने सातही जणांना मारलं. कसं मारलं ते लिहीत नाही, कारण ते पेपरने तेव्हाच पोटभर सांगून झालंय, पथारीचा नकाशा काढून, प्रत्येक जागेवर आकडा टाकून. तू चार नंबर होतीस. मी दहा वर्षांची होते, आणि मला पेपर वाचायची सवय तूच लावली होतीस, म्हणून तो नकाशा मला नीट वाचता आला.

तुला स्वतःला वाचता येत नव्हतं. पण भजी बांधून आलेला कागद असो की फळीवर अंथरलेला, तू तो चुलीपुढे सरळ करायचीस आणि माझ्यापुढे सरकवायचीस. मला आत्ताही ते दिसतंय. तू पथारीवरून आली आहेस, दिवसभर मिरचीचे देठ खुडून बोटं पेटलेली आहेत, ताकात हात बुडवून बसली आहेस. मी जवळ आले की तू हात मागे घेतेस आणि मनगटाच्या मागच्या बाजूने माझा गाल पुसतेस, कारण बोट लागलं तर माझे डोळे झोंबतील. दिवसभर तिखटात बसून आलेली तू आधी गुळाचा खडा तोंडात टाकतेस आणि म्हणतेस, "वाच वं माय, काय लिखेल शे?" एकदा कागद फाटका होता आणि बातमी अर्धीच होती. तुला बरं वाटावं म्हणून मी पुढचं मनाने जोडून वाचलं, हरवलेली म्हैस सापडली वगैरे. तुला अक्षर कळत नव्हतं पण माझा आवाज कळत होता. तू मनगटानेच माझ्या पाठीत एक ठेवून दिलीस. "जे लिखेल शे तेच वाच. तुन्हा मनन्हं घालू नको." पत्रकारितेचं याहून जास्त शिक्षण मला पुढे कुणी दिलं नाही, आणि ज्यांनी द्यायचं ते लोक कसे निघाले तेच आता सांगते.

पहिल्या दिवशीच्या पेपरात त्याचा फोटो चार कॉलमी होता. मान ताठ, नजर सरळ, दोन्ही बाजूंनी पोलीस असे उभे की वाटावं त्याच्या संरक्षणाला आलेत. खाली लिहिलं होतं, "मृतांमध्ये काट्यावरील कर्मचारी व अन्य सहा मजूर महिलांचा समावेश आहे." तुझा पेपरमधला पहिला उल्लेख तो, 'व अन्य'. मग पंधरा दिवस मालिका चालली. त्याचं बालपण, त्याचा स्वभाव, त्याला राग का येतो, त्याला कोणी फसवलं. त्याला शेवभाजी आवडते हे मला अजून पाठ आहे. तुला गूळ आवडायचा हे विचारायला कुणी आलं नाही. हे सगळं लिहिणारा वार्ताहर एकच होता. टोपणनावही त्यानेच शोधून काढलं होतं, आणि ते नाव इतकं चाललं की नंतर पोलीससुद्धा तेच म्हणायला लागले.

तिसऱ्या दिवशी तो वार्ताहर आपल्या घरी आला. आण्णा ओसरीवर बसले होते, डोकं भादरलेलं. तो चप्पल न काढता आत आला, खिशातून वही काढली, आणि म्हणाला, "फोटो शे का बाईना? उद्या परत आनी देस." तुझा एकच फोटो होता, जत्रेत स्टुडिओवाल्याकडून काढलेला, मागे रंगवलेला बंगला आणि तू अंबाड्यात अबोली घालून उभी. आण्णांनी मुकाट्याने तो चौकटीतून काढून दिला, कारण चांगले कपडे घातलेल्या माणसाने मागितलं की द्यायचं एवढंच माझ्या बापाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी तुम्हा सातही जणांचे फोटो पेपरात आले, आतल्या पानावर, तिकिटाएवढे, काळ्या चौकटीत. आणि आपला फोटो त्यानंतर कधी परत आला नाही. मी कितीतरी दिवस शाळेतून आल्यावर ओसरीवर बसून वाट पाहिली.

आता तू म्हणशील, फोटो गेला तरी पेपर होता की. नव्हता. आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. उत्तरकार्याची पत्रिका आली की उंबऱ्याबाहेर वाचायची आणि तिथेच फाडायची, घरात न्यायची नाही. काळ्या चौकटीतलं नाव पेपरात आलं तरी तेच, तेवढा तुकडा फाडायचा, मग पेपर आत. त्या दिवशी आपली अख्खी गल्ली दारात उभी राहून तुला फाडत होती. आण्णांनीही फाडलं. मी रडून म्हटलं, "माले दे तो कागद," तर म्हणाले, "दुखवटाना कागद शे तो. घरमा ठेवतस नही." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण पुढे काय झालं ते बघ. मेलेल्यांचे फोटो गावाने फाडून टाकले, कारण ते अशुभ. आणि मारणारा जिवंत होता, म्हणून त्याचा फोटो शुभ ठरला. तो राहिला. न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या बाजूला राहिला, वाण्याच्या फळीवर राहिला, पोरांच्या वह्यांना कव्हर म्हणून शाळेत गेला. मधल्या सुट्टीत पोरं त्याचं नाव घेऊन खेळायची आणि कोण तो होणार यावरून भांडायची. मरायला कुणी तयार नसायचं, तेव्हा मला सांगायचे.

मी ठरवलं होतं, मारणाऱ्याला गाठणं नाही जमलं तरी त्या वार्ताहराला सोडायचं नाही. पथारीवरच्याला निदान जन्मठेप झाली. याला काय झालं? याला बढती झाली. नंदुरबारच्या एका सायंदैनिकात तो मोठा माणूस झाला, म्हणून मी मराठी टायपिंग शिकले, पान लावायला शिकले आणि त्याच पेपरात जाऊन बसले. लोकांना वाटलं पोरगी नोकरीला लागली. मी नोकरीला नव्हते गेले, डाव साधायला गेले होते. पण मी लागले त्याच वर्षी तो निवृत्त झाला, आणि तेरा वर्षं मी लग्नाच्या आणि कापसाच्या बातम्यांची पानं लावत बसले. तो अधूनमधून ऑफिसात यायचा, चहा प्यायचा, नव्या पोरांना पथारीची गोष्ट सांगायचा. ती गोष्ट सांगताना त्याचे डोळे चमकायचे. माझ्यासमोर सांगायचा, माय. मी कोणाची मुलगी हे त्याने कधी विचारलंच नाही, आणि मी ते कधी सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात कळलं की तुरुंगातला तो आता काही दिवसांचाच आहे. आमचे मालकच संपादक आहेत. माणूस वाईट नाही, पण पेपर खपला पाहिजे. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तेन्हं पान तयार ठेवजो. फोटो मोठा लावजो, लोके तोच देखतस." मोठे पुढारी आजारी पडले की आम्ही त्यांचं पान आधी तयार करून ठेवतो. तो मान आता त्याला मिळणार होता. मोबाईलवर त्याच्या जुन्या फोटोला गाणी लावून फिरवणं आधीच सुरू झालं होतं. वार्ताहर त्याच दुपारी हाताने लिहिलेले आठ कागद घेऊन हजर. मथळा, 'मी आणि तो'. मीच ते टाईप केलं. त्यात लिहिलं होतं की तुरुंगात भेट झाली तेव्हा त्याने उशाखालून सगळी कात्रणं काढून दाखवली आणि म्हणाला, साहेब, तुम्ही मला मोठं केलं. हे वाक्य वार्ताहराने अभिमानाने लिहिलं होतं आणि वर मला सांगितलं, "ह्या वाक्यानी चौकट कर, बेटा." म्हणजे त्याच्या उशाखाली कात्रणं होती. माझ्याकडे तुझं एक नव्हतं.

मी मालकांना हवं तसं पान करून दाखवलं. मोठा फोटो, टोपणनाव, 'मी आणि तो', चौकट, सगळं. ते खूश झाले. मग मी दुसरं पान करायला घेतलं, आणि त्यासाठी रविवार आणि दोन रजा टाकून बाकीच्या सहा घरी जाऊन आले. पाच घरांत एकही फोटो नव्हता, कारण तिथेही तोच वार्ताहर जाऊन आला होता, उद्या परत आणतो म्हणून. सहावं घर नवापूरच्या पुढे, डोंगरात, गुजरातच्या हद्दीजवळ. तिथली मुलगी हंगामाला पथारीवर यायची, तुमच्यात सगळ्यांत लहान ती. तिचा भाऊ आता म्हातारा झालाय. घरात ते कोकणी, म्हणजे तिथल्या आदिवासींची बोली, बोलतात, माझ्याशी शाळेतल्यासारखं जपून मराठी बोलले. मी फोटो विचारला तर ते आतून प्रार्थनेचं पुस्तक घेऊन आले आणि त्यातून घडी घातलेला पिवळा कागद काढला. आतलं पान. काळी चौकट. सातही जण. मी विचारलं, "तुम्ही फाडलं नाही?" ते म्हणाले, "कशाला फाडू, ताई? तिचा दुसरा फोटो होता कुठं? चर्चच्या पाळकांना विचारलं. ते म्हटले, नाव लिहिलेलं आहे, ठेव." मी कितीतरी वेळ तो कागद हातात धरून बसले. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि स्वतः अंगणात जाऊन उभे राहिले, मला रडता यावं म्हणून. मग मी मोबाईलवर त्या कागदाचे फोटो काढले आणि तो घडीवर घडी घालून परत दिला.

तो मेल्याची चिठ्ठी तुरुंगाकडून सकाळी साडेदहाला आली. आमचं पान एक वाजता छापखान्यात जातं. मालकांनी तयार पान पाहिलेलं होतं, त्यामुळे ते निर्धास्त होते; मी दुसरं पान पाठवलं. वरचं पाऊण पान तुमचं. सात फोटो, पण चौकट नाही, हार नाही, नावाआधी कैलासवासी नाही, मेल्याची तारीख नाही. अशुभ वाटेल असं काहीच ठेवलं नाही, म्हणजे कुणी फाडणार नाही. कोण काय गाणं म्हणायची, कोणाचा हात चालायचा, काट्यावरचा माणूस बायांच्या पोरांना घरी जाताना शेंगदाणे कसा द्यायचा, एवढंच. तुझ्याबद्दल गूळ, ताक आणि जे लिखेल शे तेच वाच. त्याची बातमी खाली डाव्या कोपऱ्यात टाकली, जाड काळ्या चौकटीत, उत्तरकार्याच्या पत्रिकेसारखी. "तुरुंगातील एका कैद्याचे निधन झाले. पथारीवरील सात जणांचा त्याने जीव घेतला होता." नाव नाही, फोटो नाही. लोक तो तुकडा फाडतील तेव्हा वरचं तुमचं शाबूत राहावं म्हणून कोपरा निवडला, आणि मागच्या बाजूला फाटलं तरी चालेल असं राशिभविष्य येईल हे पाहिलं. हे सगळं मी शांतपणे केलं. मग वाटलं, पत्रिकेत खाली 'शोकाकुल' असतं. त्या माणसासाठी जिल्ह्यात कोण शोकाकुल असणार? एकच. मी वार्ताहराचं पूर्ण नाव टाईप केलं, त्याला आवडतं तसं ठळक अक्षरात, आणि पान पाठवून दिलं.  फार दिवसांनी भूक लागली आणि मी डबा चाटूनपुसून खाल्ला.

चार वाजता पेपर स्टँडवर आला आणि सहा वाजेपर्यंत वार्ताहराच्या दारावर माणसं बसायला आली. घाईघाईत लोकांनी काळी चौकट पाहिली, खाली ओळखीचं नाव पाहिलं, तुकडा फाडला आणि निघाले. हे मी ठरवलं नव्हतं, माय, देवाशप्पथ. पण मी मुद्दाम त्या गल्लीतून गेले आणि समोरच्या दुकानात साबण घ्यायच्या निमित्ताने उभी राहिले. बायका पदर घेऊन जोत्यावर, पुरुष खांद्यावर रुमाल टाकून खाली, सगळे मान घालून गप्प. त्याची बायको गोंधळून पाण्याचे पेले फिरवत होती. तो आतून बाहेर आला तर एका म्हाताऱ्याने त्याचा हात धरला. "कोन गयं, दादा? पेपरमा तुमनं नाव देखं, म्हनीसन उनूत."

"कोनी नही गयं! मन्हा घरनं कोनी नही मरनं!" तो ओरडत होता.

"पेपरमा शे ना पन," म्हातारा समजुतीने म्हणाला, आणि बसून राहिला.

मी दोन साबण घेतले. मला त्याची दया आली नाही. त्याच्या बायकोची आली, थोडी, ती पेले विसळताना पाहून. पण ज्या ओसरीवर मी फोटोची वाट पाहत बसायचे ती आठवली आणि तीही गेली. आयुष्यभर लोकांनी ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, त्याचा शब्द त्याच्याच दारात कुणी ऐकत नव्हतं. पेपरात आलंय म्हणजे आलंय. हे त्यानेच शिकवलं होतं लोकांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ऑफिसात आला. मालक आधीच लाल झालेले. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तो म्हातारा दिसला. "पोरी, म्या तुन्हं काय बिघाडं?" मी म्हटलं, "मन्ही मायना फोटो परत द्या." त्याने विचारलं, "कोनता फोटो?" मी सांगितलं, पथारीवरची, नकाशातली चार नंबरची, जत्रेतला फोटो, मागे रंगवलेला बंगला, तुम्ही तिसऱ्या दिवशी नेला. तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता, ते मला दिसलं. कपाळाला हात लावून म्हणाला, "मी तर समदासना फोटो आनात, बेटा. कोठे गयात मालूम नही." खोटं बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. एवढी वर्षं मी ज्याच्यावर दात धरून होते, त्याला तू कधी आठवणीत राहण्याएवढीसुद्धा भेटली नव्हतीस. मी त्याला म्हटलं, "त्याला शेवभाजी आवडायची, हे लक्षात शे ना?" तो खुर्ची धरून खाली बसला.

मालकांनी मला माफीनामा टाईप करायला लावला आणि महिनाअखेर यायचं बंद कर म्हणाले. मी टाईप केला. "त्यांच्या घरी कोणाचेही निधन झालेले नाही." आतल्या पानावर लावला, सगळ्यात बारीक अक्षरात, ज्या अक्षरात तेव्हा तुमची नावं आली होती. पथारीवर परवा चक्कर मारली. शेडच्या भिंतीला कुणीतरी वरचं पाऊण पान चिकटवलंय, खालचा कोपरा फाडलेला. देठ खुडणाऱ्या एका बाईने मला विचारलं, "ह्या कोन शेतस वं?" मी वाचून दाखवलं, जे लिहिलंय तेच. शोकाकुल मात्र माझ्या मनचं होतं, आणि त्याबद्दल तू मनगटाने एक ठेवून दिली असतीस हे मला माहीत आहे. मी खाल्ली असती.

पण एक गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही. लहानपणी न्हाव्याच्या भिंतीवरचा त्याचा फोटो मी चोरला होता. कंपासच्या टोकाने रोज त्याचे डोळे फोडायचे, आणि फोडायचे तर आधी बघायला लागायचे. असं दोन वर्षं केलं. त्याची भुवई, ओठाजवळचा तीळ, शर्टाचं तुटलेलं बटण, सगळं मला डोळे मिटून सांगता येतं. आणि त्या डोंगरातल्या घरात पिवळा कागद उलगडला तेव्हा मी सातही चेहऱ्यांवरून बोट फिरवलं, दोनदा फिरवलं. मी तुला ओळखलं नाही, माय. खालचं नाव वाचावं लागलं.